अ‍ॅप काढले, तरी रतीब चालूच

एका वाचकाचे पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालो असून जेल रोडला राहतो. गेल्या वर्षी नातवासाठी एक अभ्यासाचे अ‍ॅप सात दिवस मोफत पाहावे म्हणून मी डेबिट कार्डाचा क्रमांक भरला, ओटीपी टाकला आणि खात्यातून एक रुपया गेला. नातू आठवड्याच्या आतच कंटाळला, म्हणून मी ते अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकले. परवा पासबुक भरून आणले तेव्हा दर महिन्याच्या १४ तारखेला ४९९ रुपये जात असल्याचे दिसले; अकरा महिन्यांचे ५,४८९ रुपये झाले. मग शोधता शोधता आणखी दोन गोष्टी सापडल्या. यूपीआयमधून एका भजनांच्या अ‍ॅपला दरमहा ९९ रुपये जात आहेत आणि क्रेडिट कार्डावरून एका परदेशी संकेतस्थळाला डॉलरमध्ये पैसे जात आहेत. त्या संकेतस्थळावर मी पेन्शनचे चार कागद जोडून एक पीडीएफ केली होती, एवढाच आमचा संबंध. बँकेत गेलो, तर ‘कंपनीला सांगा’ म्हणाले. कंपनीला ई-मेल केला, तर ‘आपली विनंती मिळाली’ एवढेच ठरावीक उत्तर आले. प्ले स्टोअरमधली सबस्क्रिप्शनची यादी उघडली, तर ती रिकामी. सौ. म्हणते, कार्डच बंद करून टाका. पण डेबिट कार्डावर विजेचे बिल लावलेले आहे, शिवाय खात्यातून विम्याचा हप्ता आणि एसआयपी जाते. जन्मभर नोटांचा हिशेब ठेवला आणि आता ही वेळ आली. काय करू? गेलेले पैसे परत मिळतील का?

उत्तर:

काका, सप्रेम नमस्कार.

‘जन्मभर नोटांचा हिशेब ठेवला’ या आपल्या वाक्याचे आधी सांगते. मी स्वतः बँकेच्या कार्ड विभागात काम केले आहे, आणि तरीही एका योगवर्गाच्या संकेतस्थळाला सलग चौदा महिने पैसे देत होते, कारण पहिल्या महिन्यात भरलेले कार्ड मी विसरले आणि संकेतस्थळ मात्र विसरले नाही. त्यामुळे आपण हिशेबात कमी पडलात असे मनात आणू नका.

काकूंचा राग समजण्यासारखा आहे, पण डेबिट कार्ड बंद केल्याने विजेचे बिल तेवढे अडेल आणि ज्यांना अडवायचे त्यांचा बंदोबस्त होईलच असे नाही. विम्याचा हप्ता आणि एसआयपी नॅच पद्धतीने, म्हणजे कार्डाविना थेट बँक खात्यातून, जात असतील तर त्यांचा कार्डाशी संबंध नाही, म्हणून त्यांची काळजी नको. मात्र हरवलेल्या किंवा मुदत संपलेल्या कार्डाच्या जागी नवे कार्ड आले की जुन्या कार्डावरच्या परवानग्या काही वेळा नव्या कार्डाला आपोआप जोडल्या जातात, आणि परदेशी संकेतस्थळ तर आपल्या दुसऱ्याच कार्डावर बसलेले आहे.

आता मूळ गोंधळ पाहू. आपल्याकडे दुधाचा रतीब लावला की तो बंद करण्यासाठी दूधवाल्याला सांगावे लागते. घरातले पातेले उचलून माळ्यावर टाकल्याने रतीब थांबत नाही. मोबाइलमधून अ‍ॅप काढणे म्हणजे पातेले माळ्यावर टाकणे. रतीब कंपनीशी ठरलेला आहे, मोबाइलशी नाही. त्यात आणखी एक भर अशी की या दूधवाल्याला आपण दरमहा आपल्या डब्यातून स्वतःच्या हाताने पैसे काढून घेण्याची मुभाही दिली आहे, आणि ती मुभा कंपनीकडे नव्हे, तर आपल्या बँकेकडे नोंदलेली आहे. म्हणजे बंद करायच्या गोष्टी दोन: कंपनीकडची वर्गणी आणि बँकेकडची परवानगी, जिला बँकेच्या भाषेत ई-मॅन्डेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतात. फक्त परवानगी काढली तर पैसे जाणे थांबते, पण कंपनीच्या दफ्तरी आपण ग्राहकच राहता आणि थकबाकीच्या ई-मेल सुरू होतात. फक्त वर्गणी रद्द केली तर कंपनीच्या चुकीने किंवा लबाडीने पुन्हा पैसे कापले जाण्याची वाट उघडी राहते. मोबाइलमधून अ‍ॅप काढून स्वस्थ बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गंगापूर रोडने सोमेश्वरला जाणाऱ्या आपल्या नाशिककरांनी तरी ही म्हण विसरू नये.

बँकेतल्या माणसाने ‘कंपनीला सांगा’ म्हणून आपल्याला परत पाठवले, ते बरोबर नव्हते. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने नियम घालून दिले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून, कंपनी देशी असो वा परदेशी, या नियमांबाहेरची पद्धत चालवण्यास मनाई झाली. त्या नियमांनुसार दिलेली परवानगी कोणत्याही वेळी ऑनलाइन मागे घेण्याची सोय ग्राहकाला देणे हे कार्ड देणाऱ्या बँकेचे काम आहे, त्यासाठी कंपनीची संमती लागत नाही, आणि या सोयीसाठी बँक शुल्कही आकारू शकत नाही. पुढच्या वेळी शाखेत गेलात तर ‘माझ्या डेबिट कार्डावरचे ई-मॅन्डेट मला रद्द करायचे आहे’ असे नेमक्या शब्दांत सांगा. ‘पैसे कापले जातात, थांबवा’ एवढेच म्हटले की समोरचा कर्मचारी त्याला कंपनीशी असलेला वाद समजतो आणि आपल्याला दार दाखवतो.

शाखेत जाण्याचीही बहुधा गरज पडणार नाही. बँकेच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या विभागात ‘ई-मॅन्डेट’, ‘मर्चंट स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ किंवा ‘मॅनेज सबस्क्रिप्शन’ अशा एखाद्या नावाखाली ही यादी असते. काही बँकांनी हे काम बिलडेस्क कंपनीच्या एसआय हब या सेवेकडे दिले आहे, तिथे कार्ड क्रमांक आणि ओटीपी देऊन सगळ्या परवानग्या एकत्र दिसतात. पण तिथे गूगलवर शोधून न जाता आपल्या बँकेच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच जावे. यादीत कंपनीचे नाव, कमाल रक्कम आणि मुदत दिसेल. विजेच्या बिलाची परवानगीही त्याच यादीत असणार, तेव्हा नाव नीट वाचून मगच ‘रद्द’ दाबा. रद्द करताना पुन्हा ओटीपी येईल. तो आला म्हणून घाबरू नका, कारण परवानगी काढताना ओळख पटवून घेणे हाही त्याच नियमांचा भाग आहे. बँकेच्या पानावर ओटीपी आपण स्वतः टाकणे आणि फोनवर कोणाला तरी सांगणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आवश्यक आहे, दुसरी कधीही करायची नाही.

या नियमांतली एक तरतूद आपल्याला अकरा महिन्यांपूर्वीच वाचवू शकली असती. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला एसएमएस किंवा ई-मेलने कळवायचे असते. त्यात कंपनीचे नाव, रक्कम, कापण्याची तारीख, संदर्भ क्रमांक आणि कारण हे सगळे असते, आणि तो एक व्यवहार किंवा संपूर्ण परवानगी नाकारण्याची सोयही द्यावी लागते. म्हणजे दर महिन्याच्या १२ किंवा १३ तारखेला आपल्याला असा संदेश यायला हवा होता. कर्जाच्या आणि लॉटरीच्या संदेशांच्या ढिगाऱ्यात तो हरवला असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा मोबाइलमध्ये कंपनीचे नाव टाकून जुने संदेश शोधा. संदेश सापडले तर पुढचा प्रश्न नाही. मुळीच आले नसतील, मोबाइल क्रमांक बँकेत बरोबर नोंदलेला असेल आणि ई-मेलमध्येही काही नसेल, तर मात्र ही बँकेची उणीव ठरते आणि तशी लेखी तक्रार आपण करू शकता. एक बारकावा येथेच सांगून ठेवते: संदेश निघून गेल्यानंतर आपण परवानगी रद्द केली, तर आधीच वाटेला लागलेला तो एक व्यवहार पार पडू शकतो. म्हणून संदेश आला असेल तर परवानगीबरोबर तो विशिष्ट व्यवहारही स्वतंत्रपणे नाकारावा, आणि संदेशातल्या दुव्यापेक्षा बँकेचे अ‍ॅप उघडूनच ते करावे, कारण असे हुबेहूब संदेश भामटेही पाठवतात.

१५,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागत नाही, ही मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० वरून वाढवण्यात आली. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यासाठी डिसेंबर २०२३ पासून ती एक लाख आहे. आपण एक रुपयासाठी टाकलेला ओटीपी खरे तर पुढच्या सगळ्या ४९९ रुपयांसाठीही होता. त्या पानावर हे बारीक अक्षरांत लिहिलेलेही असेल, म्हणूनच कंपनी म्हणेल की ग्राहकाने परवानगी दिली होती.

आता कंपनीकडची बाजू. प्ले स्टोअरची यादी रिकामी दिसली याची दोन कारणे असू शकतात. अभ्यासाच्या अ‍ॅपसाठी आपण कार्ड थेट कंपनीच्या पानावर भरले, म्हणून ती वर्गणी गूगलच्या यादीत येणारच नाही. ती कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरूनच रद्द करावी लागेल. भजनांच्या अ‍ॅपची वर्गणी गूगलमार्फत असेल, तर ती ज्या जीमेल खात्यावरून घेतली त्याच खात्यात दिसते, आणि पुष्कळ घरांत मोबाइल आजोबांचा व जीमेल मुलीचे किंवा नातवाचे असते. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर दाबून खाते बदलून पाहा आणि मग ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडा. तिथे रद्द केल्यावर यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ या सदरात जाऊन तीही परवानगी काढा. ९९ रुपयांचे काम एवढ्यात संपते.

अभ्यासाच्या अ‍ॅपच्या कंपनीला पुन्हा ई-मेल करा, पण या वेळी तक्रारीचा सूर न ठेवता नोंदीसारखा मजकूर लिहा. ‘मी अमुक मोबाइल क्रमांकावरून घेतलेली वर्गणी आज, अमुक तारखेला, रद्द करत आहे. यापुढे माझ्या कार्डावरून कोणतीही रक्कम घेऊ नये. वर्गणी रद्द झाल्याचे सात दिवसांत लेखी कळवावे. मोफत चाचणीनंतर सेवेचा वापर झालेला नाही, याची खात्री आपल्या नोंदींवरून करावी आणि घेतलेली रक्कम परत करावी.’ इतके पुरे. पूर्ण कार्ड क्रमांक लिहू नका, शेवटचे चार आकडे द्या. ई-मेलची प्रत आणि वर्गणी रद्द झाल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. या कागदाची किंमत नंतर कळते: रद्द केल्याच्या तारखेनंतर एकदा जरी पैसे कापले गेले, तरी बँकेत ‘डिस्प्यूट’, म्हणजे व्यवहाराला हरकत घेणारा, अर्ज देऊन ती रक्कम परत मागता येते आणि पुरावा हातात असला की हा वाद ग्राहकाच्या बाजूने सुटणे सोपे जाते.

क्रम विचाराल, तर साधारणपणे आधी कंपनीकडे रद्द करावे आणि मग बँकेकडे. पण १४ तारीख दोन-तीन दिवसांवर आली असेल तर आधी बँक. कंपनीच्या उत्तराची वाट पाहत आणखी एक हप्ता घालवण्यात अर्थ नाही.

पीडीएफवाल्या परदेशी संकेतस्थळाचा प्रकार थोडा निराळा आहे. वरचे नियम असूनही काही परदेशी कंपन्या कार्डावर ओटीपीशिवाय पैसे घेतात आणि मग बँकेच्या यादीत परवानगीची नोंदच सापडत नाही. त्या संकेतस्थळावर आपल्या ई-मेलने शिरा. पासवर्ड आठवत नसेल तर ‘पासवर्ड विसरलो’ दाबून नवा करा, कारण खात्यात गेल्याशिवाय रद्द करण्याचे बटण दिसत नाही. रद्द केल्यानंतर क्रेडिट कार्डाच्या अ‍ॅपमध्ये ‘इंटरनॅशनल’ व्यवहारांचे बटण बंद करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे देशातील, परदेशातील आणि ऑनलाइन व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय प्रत्येक कार्डावर असते. आपल्याला परदेशातून वरचेवर काही घ्यायचे नसेल तर हे बटण कायम बंदच असावे, असे माझे मत आहे. डॉलरच्या रकमेवर बँकेचे चलन बदलण्याचे शुल्क आणि त्यावर जीएसटीही पडतो, हे मासिक बिलात स्वतंत्र ओळीत दिसेल.

आता गेलेल्या पैशांचे. खोटी आशा दाखवत नाही. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार नाही, असे सांगणारे रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक अनेकांना ठाऊक असते. पण ते तिसऱ्याच माणसाने केलेल्या फसवणुकीसाठी आहे, आणि आपण स्वतः ओटीपी टाकलेला असल्याने बँक ते इथे लागू करणार नाही. आपला धागा दुसरीकडे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यापारातल्या फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यात तेरा प्रकार नोंदवले. त्यांतला एक ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणीचा सापळा. रद्द करण्याची वाट लपवणे किंवा अवघड करणे हे त्यात येतेच, पण मोफत सेवेसाठी पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप कापण्याची परवानगी द्यायला भाग पाडणे हेही स्पष्टपणे येते. आपला ‘एक रुपया’ नेमका इथे बसतो. कंपनीला लिहिताना या तत्त्वांचा नावानिशी उल्लेख करा. गेल्या एक-दोन महिन्यांचे पैसे कंपन्या त्यावर अनेकदा परत करतात. अकराही महिन्यांचे मिळतील अशी मात्र मला अपेक्षा नाही, तरी मागणी पूर्ण रकमेचीच करावी.

उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा; तिथे मराठीतूनही बोलता येते. ते कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत, पण त्यांच्यामार्फत गेलेल्या तक्रारीला ठरावीक उत्तर पाठवून भागत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याउपर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या ठिकाणी दावा करता येतो, म्हणून कंपनी बंगळूरूची असली तरी आपल्याला तिकडे जावे लागणार नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. तरीही केवळ ५,४८९ रुपयांसाठी तारखांना हजर राहण्याचा व्याप मी आपल्याला सुचवणार नाही; रद्द केल्यावरही कंपनी पैसे कापत राहिली, तर मात्र जरूर करा. बँकेने परवानगी काढण्यास नकार दिला किंवा आधी सूचना पाठवल्याच नाहीत, तर तक्रार आधी बँकेकडे लेखी द्यावी आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवरून जावे. तिथेही शुल्क नाही, पण लोकपाल बँकेच्या चुकीची दखल घेतो, अ‍ॅपच्या कंपनीची नाही.

एका धोक्याबद्दल बजावून सांगते. या सगळ्या शोधाशोधीत कंपनीचा किंवा बँकेचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांचे क्रमांकही सापडतात, आणि ‘पैसे परत करतो’ म्हणून ते मोबाइलचा पडदा त्यांना दिसेल असे अ‍ॅप टाकायला सांगतात किंवा यूपीआय पिन टाकायला लावतात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच वापरा. तशातही काही घडलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

आज संध्याकाळी मुलीला किंवा नातवाला शेजारी बसवून बँकेच्या अ‍ॅपमधली यादी, यूपीआयचे ‘ऑटोपे’ सदर आणि पीडीएफचे संकेतस्थळ ही तिन्ही ठिकाणे एकाच बैठकीत पाहून घ्या. त्या याद्यांत आपल्याला न आठवणारे चौथे नाव सापडण्याची शक्यता मी गृहीत धरते आहे. विजेच्या बिलाला हात लावू नका. पुढच्या १३ तारखेला ४९९ रुपयांचा संदेश आला, तर त्याचा अर्थ परवानगी अजून निघालेली नाही असा होतो; तसे झाले तर बँकेच्या अ‍ॅपमधून तो व्यवहार नाकारून संदेशाची प्रत जपून ठेवा, आणि १६ तारखेला पासबुक पुन्हा एकदा भरून आणा.